अनुभव धागा: अंगणातला ग्रिल आणि पोरांची पंगत

अमेरिकेत मेअखेरचा मेमोरियल डे उजाडला की घरोघरचे ग्रिल झाकणाखालून बाहेर येतात, ते सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत आत जात नाहीत. मोठ्यांच्या तंदुरीवर आणि कबाबांवर इथे भरपूर लिहून झालं आहे. हा धागा फक्त मुलांच्या ताटासाठी. वय साधारण दोन ते दहा, म्हणजे तिखट चालत नाही, वाट बघवत नाही आणि एका जागी बसवतही नाही असं गिऱ्हाईक. प्रमाण द्या, वेळ द्या, काय बिघडतं आणि का तेही लिहा. "सगळ्यांना खूप आवडलं" एवढ्यावर प्रतिसाद संपवू नका.

चिमटाकाका

पदार्थांआधी विस्तवाचं बघा. मुलांचं जेवण फसतं ते बहुतेक वेळा उशिरामुळे. पाहुणे चारला येणार असतील तर कोळसा सव्वातीनला पेटवायचा. चिमणीत (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात) ब्रिकेट म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या भरून खाली कागद लावला की वरच्या कोळशावर राख धरायला १५ ते २० मिनिटं लागतात. मग कोळसा पसरून, झाकण लावून जाळी तापायला आणखी १० मिनिटं. लायटर फ्लुइड वापरू नका. ते पुरतं जळलं नाही तर त्याचा वास मक्याला आणि पावाला लगेच लागतो. मोठी माणसं मसाल्याखाली तो खपवतात, पोरं घास थुंकून टाकतात.

कोळसा सगळीकडे सारखा पसरू नका. अर्ध्या भागात ढीग, अर्धा भाग मोकळा. गॅस असेल तर एका बाजूचा बर्नर बंद. जाळाच्या बाजूला रंग आणायचा, मोकळ्या बाजूला शिजवायचं आणि तयार झालेलं तिथेच गरम ठेवायचं. आच बघायला तळवा जाळीच्या चार-पाच इंच वर धरा. दोन-तीन सेकंदांत चटका बसला तर प्रखर, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम. मुलांचे जवळजवळ सगळे पदार्थ मध्यमवर होतात. (ही परीक्षा पोरांसमोर करू नये, लगेच नक्कल होते.)

ग्रिलभोवती तीन फुटांची रेघ खडूने आखून ठेवा. "लांब राहा" असं शंभरदा सांगण्यापेक्षा रेघ चालते.

कणीसवाली

मका. इथला स्वीट कॉर्न आणि आपल्याकडचं पावसातलं गावठी कणीस यांत फरक आहे. गावठी दाणा घट्ट आणि पिठूळ असतो, म्हणून तो थेट निखाऱ्यावर टिकतो. स्वीट कॉर्नमध्ये पाणी आणि साखर जास्त, त्यामुळे निखाऱ्यावर दाणे फुटतात, साखर करपते आणि आतला दाणा चिवट होऊन बसतो. म्हणून मध्यम आच, जाळीवर, दर दोन मिनिटांनी फिरवत ८ ते १० मिनिटं.

सालासकट भिजवून ठेवण्याची पद्धतही आहे: वरची पानं काढून आतली दोन-तीन ठेवायची, केसर काढून पानं परत मिटायची, अर्धा तास पाण्यात, मग १५ ते २० मिनिटं जाळीवर. कणीस रसदार होतं, पण ते वाफवलेलं असतं, भाजलेलं नाही. भाजल्याचा वास हवा असेल तर सोलूनच भाजा.

मुलांसाठी अख्खं कणीस देऊ नका. कच्चं असतानाच जड सुरीने दीड इंचाची चाकं करा, शिजल्यावर ते निसटतं आणि हात भाजतो. चाकं ८ मिनिटांत होतात. सहा-सात वर्षांच्या मुलांचे पुढचे दात पडलेले असतात, त्यांना कणीस कुरतडताच येत नाही. त्यांच्यासाठी आणि चार वर्षांखालच्यांसाठी दाणे सुरीने काढून वाटीत द्यायचे. १० मुलांना ६ कणसं पुरतात. लोणी २ मोठे चमचे, मीठ पाव चमचा, लिंबू अर्धं. चाट मसाला शेजारी वेगळा ठेवा, कणसावर आधी भुरभुरू नका.

पनीरपंडित

इंडियन स्टोअरमधली १४ औंसांची पनीरची वडी घट्ट असते. तशीच ग्रिल केली तर रबर. एक इंचाचे चौकोन करून, मीठ घातलेल्या कडकडीत पाण्यात १० मिनिटं बुडवून ठेवा, मग निथळून कोरडे करा. एका वडीचे चोवीसएक तुकडे होतात, म्हणजे सहा मुलांचे.

लेप: ग्रीक योगर्ट पाऊण कप, भाजलेलं बेसन १ मोठा चमचा, आलं-लसूण १ चमचा, हळद अर्धा, काश्मिरी तिखट अर्धा, मीठ पाऊण, तेल २ मोठे चमचे. साधं दही घेतलंत तर दीड कप घेऊन आधी फडक्यात टांगा. पातळ दही कोळशावर ठिबकतं, धूर होतो आणि तुकडा उघडा पडतो. एक तास पुरतो, रात्रभर ठेवून काही साधत नाही, लेप पनीरच्या आत फारसा जात नाही.

पनीर जाळीला चिकटतं याची कारणं दोनच. जाळी गार किंवा जाळी घाण. आधी खरवडा, मग तापवा, मग चिमट्यात धरलेल्या कागदी नॅपकिनने तेल फिरवा. तुकडा ठेवल्यावर दोन मिनिटं हात लावायचा नाही. खालून रंग आला की तो आपणहून सुटतो. घाई केली की लेप जाळीवर आणि पांढरं पनीर चिमट्यात. एकूण ८ मिनिटं.

मध्ये अननस लावायचा असेल तर तो लेपात बुडवू नका. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं, अर्ध्या तासात लेप पाणचट आणि कडू होतो. अननस काडीवर लावायच्या वेळीच घ्या.

दोन चिमुरड्यांची आजी

पनीरपंडित, काडीचं लिहायचं राहिलं तुमचं. लाकडी काड्या अर्धा तास भिजवायच्या हे सगळे सांगतात. पण पोरांच्या हातात टोकदार काडी देऊन त्यांना अंगणात सोडायचं नाही. तुकडे काढून कागदी वाटीत द्यावेत. काडीचा हट्टच असेल तर आइस्क्रीमच्या चपट्या काडीला दोन तुकडे टोचून द्या, तेही बसून खायचं.

थर्मामीटर

चिकन. मुलांसाठी तंगडी नको, मांडीचं बोनलेस घ्या. तंगडी बाहेरून काळी आणि हाडाशी कच्ची राहण्याचं प्रमाण जास्त. ब्रेस्ट जरा जास्त शिजलं की दोऱ्यासारखं होतं, पोरं चघळत बसतात. दोन पौंडांचे सव्वा इंचाचे तुकडे आठ-दहा मुलांना पुरतात.

पांढरा मलाई लेप ठेवा. रंग पांढरा दिसला की "तिखट आहे का?" हा प्रश्नच येत नाही. ग्रीक योगर्ट अर्धा कप, क्रीम चीज २ मोठे चमचे, आलं-लसूण १ मोठा चमचा, लिंबू १ मोठा चमचा, वेलची पाव चमचा, पांढरी मिरी पाव चमचा, मीठ दीड चमचा. चार तास फ्रिजमध्ये. लिंबू दुप्पट करून रात्रभर ठेवलंत तर वरचा थर पिठासारखा होतो.

शिजलं की नाही हे रंगावर ठरवू नका. कोंबडी, खिमा असो की तुकडा, आत १६५ अंश फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सिअस. बाकी मटण-पोर्क-बीफच्या खिम्याला १६० म्हणजे ७१. पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या. बार्बेक्यू सॉसमध्ये साखर भरपूर असते, तो शेवटच्या पाच मिनिटांतच लावायचा. कच्च्या चिकनचा उरलेला लेप शिजलेल्यावर फासायचा नाही, आणि कच्च्याची थाळी परत वापरायची नाही. धांदलीत हेच चुकतं.

लेबलवाचक

सगळ्यांचीच मुलं येणार असतील तर पाकिटं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. चिकन सॉसेजचं आवरण पुष्कळदा पोर्कचं असतं, पुढे मोठ्या अक्षरात चिकन आणि मागे बारीक अक्षरात हे. साध्या हॉटडॉगमध्ये बीफ-पोर्क मिसळलेलं असू शकतं. मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे शाकाहारी नाही. वूस्टरशर सॉसमध्ये साधारणपणे अँकोव्ही मासे असतात. ब्रिऑश बनमध्ये अंडं. तीळ तर बनवर दिसतात, पण पिठात मिसळलेलेही असू शकतात. २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीकारक म्हणून लेबलवर लिहावाच लागतो, तेव्हा तो शोधायला सोपा झाला आहे.

पाकिटं फेकू नका, एका पिशवीत ठेवा. दुसऱ्या मुलाच्या आईने विचारलं तर हातात देता येतात.

शाकाहारी आधी भाजून घ्या, चिकन नंतर. चिमटे दोन, एकाला लाल चिकटपट्टी. जाळी एकच असेल तर शाकाहारी बाजूला बिडाचा तवा ठेवा. नुसती ॲल्युमिनियम फॉइल फाटते आणि खालचा रस वर येतो.

दोन चिमुरड्यांची आजी

हॉटडॉगचं एक. पाच वर्षांखालच्या मुलाला गोल चकत्या द्यायच्या नाहीत. ती चकती बरोबर घशाच्या मापाची असते. आधी उभे चार काप, मग बारीक तुकडे. द्राक्षांचंही तसंच, उभी चार फोडी. अख्खा मार्शमेलो लहानग्यांना नाहीच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, भाजलेल्या फळावर ओतलेलासुद्धा नाही, त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

न्यू जर्सीचा तवा

मुलांसाठी सगळ्यात बिनचूक पदार्थ म्हणजे ग्रिडलवरची (मोठ्या सपाट तव्यावरची) पावभाजी. भाजी आदल्या रात्री करून ठेवता येते, अंगणात फक्त गरम करायची आणि पाव भाजायचे.

बारा मुलांसाठी: रसेट बटाटे २ पौंड, फ्लॉवर अर्धा पौंड, मटार १ कप, टोमॅटो १ पौंड, मोठा कांदा १, बीट दोन इंचाचा तुकडा, लोणी ४ मोठे चमचे, पावभाजी मसाला फक्त २ चमचे, मीठ अडीच चमचे. ढोबळी मिरची मुलांच्या भाजीत घालू नका, तिचा कडवटपणा त्यांना ताबडतोब कळतो. रंग बिटाचा. मोठ्यांसाठी वेगळी कढई करायची गरज नाही. भाजी घोटून झाली की मुलांची काढून घ्या आणि उरलेल्यात तिखट, लसणाची चटणी, हवं ते घाला. उलट क्रमाने जमत नाही, तिखट परत काढता येत नाही.

बटाटा रसेटच घ्या. युकॉन गोल्ड घोटल्यावर चिकट होतो. रसेट मात्र पाणी पितो, रात्रभरात भाजीचा गोळा होतो. दोन कप गरम पाणी हाताशी ठेवा आणि थोडं थोडं घाला.

पावाला हवाईयन रोल चालतात, गोड असल्यामुळे मुलांना आवडतात, पण त्याच साखरेमुळे मिनिटात करपतात. मंद आच, लोणी आणि तेल निम्मं-निम्मं. नुसतं लोणी तापल्या ग्रिडलवर काळं पडतं. मुलामागे तीन रोल धरा. उरलेले रोल मोठेच संपवतात.

कणीसवाली

@न्यू जर्सीचा तवा, मोठं ग्रिडल नसेल तर साध्या ग्रिलवर बिडाचा तवा ठेवूनही होतं, फक्त तवा १५ मिनिटं आधी चढवायचा. आणि भाजी पसरट थाळीऐवजी स्टीलच्या डब्यात गरम ठेवा, वाऱ्यावर साय धरते. साय दिसली की अर्धी पोरं पळतात.

गोडघाशा

शेवटचं गोड उतरत्या आचेवर. अननसाच्या अर्ध्या इंचाच्या चकत्या, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, वरून काही नको. केळं: साल न काढता उभी चीर, त्यात चॉकलेट चिप्स १ मोठा चमचा, फॉइलमध्ये गुंडाळून मोकळ्या बाजूला ८ ते १० मिनिटं. केळं पिकलेलं पण डाग नसलेलं घ्या, जास्त पिकलं तर आत लापशी होते. उघडल्यावर पाच मिनिटं थांबा, चॉकलेट बाहेरून गार दिसतं आणि आत जीभ भाजते.

जिलेटिनविरहित मार्शमेलो जाळावर धरला तर तो तपकिरी व्हायच्या आत घसरतो. त्याला निखाऱ्यापासून लांब धरा, किंवा सरळ ग्रॅहम क्रॅकरवर (गोडसर बिस्किटावर) ठेवून झाकणाखाली एक-दोन मिनिटं.

थर्मामीटर

गोडाकडे वळलात तोवर टेबलावरचं घड्याळ बघा. बाहेर ठेवलेलं जेवण दोन तासांत आत गेलं पाहिजे, ऊन ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एका तासात. दहीभात हा भाजलेलं काहीच न खाणाऱ्या पोरांचा आधार, पण तो बर्फाच्या पेटीतच ठेवा आणि वाटी-वाटीने बाहेर काढा. पन्ह्याची आणि कोकम सरबताची पेटी वेगळी करा. सरबताची पेटी दर मिनिटाला उघडली जाते आणि तिच्यातला बर्फ टिकत नाही.

चिमटाकाका

दोन गोष्टी राहिल्या. जाळी घासायला तारेचा ब्रश नको. तुटलेली तार जाळीवर राहते आणि पदार्थाबरोबर पोटात जाते. तापल्या जाळीवर अर्धा कांदा काट्याला टोचून घासा किंवा फॉइलचा बोळा चिमट्यात धरा.

आणि निखारे गवतावर ओतू नका. वरून करडे दिसले तरी आत तासन् तास धग असते, संध्याकाळी पोरं अनवाणी पळत असतात. झाकण आणि खालची-वरची झडप बंद करून ग्रिलमध्येच विझू द्या, राख दोन दिवसांनी पत्र्याच्या डब्यात काढा.