सोसायटी म्हणते कुत्रा हलवा. ऑनलाइन 'इमोशनल सपोर्ट' सर्टिफिकेट काढून उपयोग होतो का?

पडवीतली_पोर
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ७४. आई गेल्यापासून राजापूरकडच्या गावात एकटेच होते, हाकेच्या अंतरावर एकच घर आणि तेही गणपती-शिमग्यालाच उघडतं. जेवण सुटलं, झोप गेली, रात्री दोनला मला फोन करून विचारायचे गोठ्याचं दार लावलं का गो. गोठ्यात गुरं नाहीत याला सात वर्षं झाली. शेवटी मागच्या महिन्यात रत्नागिरीला आमच्या फ्लॅटवर आणलं. आणलं म्हणजे काय, ते एकाच अटीवर आले, खंडू येणार असेल तर मी येतो.

खंडू म्हणजे गावठी कुत्रा, तांबडा, एक कान मोडलेला. आईनेच पिल्लू असताना पावसात वहाळाकडून उचलून आणलेला. रात्री अण्णांचा हात कॉटवरून खाली लोंबत असतो आणि तो खंडूच्या पाठीवर असतो, तसेच झोपतात. खंडू पाणी प्यायला उठला तरी अण्णांना जाग येते, तो परत येऊन बसला की पुन्हा घोरायला लागतात. मानसोपचार तज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टर स्वतः म्हणाले की आत्ता कुत्रा दूर करू नका, हवं तर तसं लिहून देतो.

आता सोसायटी. गेल्या रविवारी मीटिंग घेतली आणि सांगितलं पंधरा दिवसांत कुत्रा हलवा, तोपर्यंत लिफ्टमधून न्यायचा नाही आणि महिना ५०० रुपये जादा द्यायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत आणि अण्णांचे गुडघे गेलेले.

पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो इमोशनल सपोर्ट अॅनिमलचं, म्हणजे मनाला आधार देणाऱ्या प्राण्याचं, सर्टिफिकेट ऑनलाइन मिळतं, ३,५०० रुपये, फोटोचं कार्ड आणि कुत्र्याला घालायचं जाकीटपण देतात, ते दाखवलं की सोसायटी, रेल्वे, विमान कोणी अडवू शकत नाही. खरं आहे का? शिवाय दिवाळीत अण्णांना ताईकडे ठाण्याला न्यायचंय, तर ट्रेनमध्ये खंडूचं काय करायचं तेपण कोणाला माहीत असेल तर सांगा.

कोर्टातलो_मालवणी
गो बाय, आधी माझा आयक. त्या सर्टिफिकेटाक साडेतीन हजार घालू नको, त्या कागदाक हयसर कोण इचारूचो नाय.

आता नीट मराठीत लिहितो, नाहीतर अर्ध्या लोकांना कळायचं नाही. आपल्याकडे इमोशनल सपोर्ट अॅनिमल असा प्रकार कुठल्याच कायद्यात नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, मानसिक आजारही त्यात आहे, पण आधार देणाऱ्या प्राण्याबद्दल त्यात तरतूद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही नाही. मग सर्टिफिकेट कोण कशाच्या जोरावर देतो? कार्ड छापून देतो, एवढंच.

पण खरी गंमत पुढे आहे, तुम्हाला त्या कागदाची गरजच नाही. साधा पाळीव कुत्रा म्हणूनच तुमची बाजू भक्कम आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की बहुमताने ठराव केला तरी, अगदी सगळे सभासद एका बाजूला असले तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. लिफ्ट बंद करता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे लावता येत नाहीत. भुंकतो हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. म्हणजे तुमच्या सोसायटीने एकाच मीटिंगमध्ये तिन्ही गोष्टी केल्या, मानलं पाहिजे.

आता दुसरी बाजू, ती कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. या सूचना आहेत, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. चिडून सेक्रेटरीच्या तोंडावर प्रिंटआउट फेकलीत तर तो म्हणेल जा कोर्टात. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फ्लॅटमध्ये प्राणी पाळायला सरसकट बंदी घालणारे नियम बेकायदेशीर ठरवलेत, पण ते केरळचं, आपल्याकडे आधार म्हणून दाखवता येतं, बंधनकारक नाही. म्हणून भांडण कागदावर न्या. ठरावाची प्रत लेखी मागा. लेखी मागितली की निम्मे ठराव हवेत विरतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

आणि आधी हे बघा की तुमची सोसायटी रजिस्टर झाली आहे का. आपल्याकडे कितीतरी बिल्डिंगींत बिल्डरने अजून काही केलेलंच नसतं आणि चार जण मिळून 'कमिटी' चालवतात. रजिस्टर असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० लागू, तक्रार उपनिबंधकाकडे करता येते, आणि वाद पेटलाच तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय. काही बिल्डिंगी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात, तिथे वाट वेगळी. फ्लॅट तुमच्या नावावर आहे ना?

पडवीतली_पोर
हो दादा, मिस्टरांच्या नावावर. रजिस्टर आहे का ते बघते, मला आजवर विचारायचं सुचलंच नाही.

सेक्रेटरी_नकोसा
मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (तुमच्या नाही, घाबरू नका). सगळे सोसायटीला व्हिलन करतात म्हणून आमची बाजूपण ऐका. आमच्याकडे एका बाईंनी असंच कार्ड आणलं होतं, गळ्यात लटकवून लिफ्टमध्ये उभ्या, आणि कुत्रा त्याच लिफ्टमध्ये मुतला तर पुसायला कोण, वॉचमन. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच ओल्या फरशीवरून घसरल्या, मनगट मोडलं. मग मीटिंगमध्ये लोक चिडणार नाहीत तर काय आरती ओवाळणार? हक्काच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात आणि फडका कोणाकडेच नसतो.

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझा सल्ला, वकिलाची नोटीस वगैरे नंतर, आधी सेक्रेटरीला घरी चहाला बोलवा आणि अण्णा आणि कुत्रा दोघांना दाखवा. मीटिंगमध्ये माणूस वेगळा असतो आणि घरात बसलेला वेगळा.

कोर्टातलो_मालवणी
सेक्रेटरी साहेब, फडक्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि कायद्यातही आहे तो, फक्त लोकांना नको असतो. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होणार नाही याची काळजी मालकाने घ्यायची, हयगय केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे पट्टा, घाण उचलणं, लस, हे तुम्हीच आधी करून दाखवलंत तर समोरच्याकडे बोलायला काही उरत नाही. उलट बाजूने, कोणी रागाच्या भरात कुत्र्याला विष घातलं किंवा लंगडा केला तर कलम ३२५, तिथे पाच वर्षांपर्यंत. हे सांगतोय कारण आपल्याकडे ते घडतं.

चिपळूण_ते_जर्सी
हे इमोशनल सपोर्टचं खूळ आमच्या इकडून, म्हणजे अमेरिकेतून आलंय, आणि तिकडे येईपर्यंत त्याची पार भेळ झालीय म्हणून लिहितो.

इकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सर्व्हिस डॉग, म्हणजे ठराविक काम शिकवलेला कुत्रा, अंध माणसाला रस्ता पार करून देणारा, फिट येण्याआधी इशारा देणारा. त्याला दुकान, हॉटेल, विमान सगळीकडे प्रवेश. दुसरा इमोशनल सपोर्ट अॅनिमल, त्याला काही शिकवलेलं नसतं, त्याच्या नुसत्या असण्याने माणसाला बरं वाटतं. त्याला हॉटेलात किंवा दुकानात घुसायचा हक्क इकडेही नाही. मुख्य फायदा घराच्या बाबतीत. फेअर हाउसिंग अॅक्टखाली डॉक्टर किंवा थेरपिस्टचं खरं पत्र असेल तर 'नो पेट्स' म्हणणाऱ्या घरमालकालाही सहसा सोय करून द्यावी लागते. विमानात पूर्वी फुकट नेता यायचे, लोकांनी मोर, डुकरं काय काय आणायला सुरुवात केली, शेवटी ११ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला आणि एअरलाइन्स आता त्यांना साधे पाळीव प्राणी धरू शकतात.

आणि मुख्य म्हणजे सरकारी रजिस्टर इकडेसुद्धा नाही! जाकीट, कार्ड, बिल्ला सगळं बाजारात विकत मिळतं, त्याला कायद्याने काडीची किंमत नाही. कॅलिफोर्नियाने तर २०२२ पासून नियम केला की कुत्र्यासाठी असं पत्र देण्याआधी डॉक्टर-पेशंटची ओळख निदान ३० दिवसांची हवी, कारण पाच मिनिटांच्या फोनवर पत्रं वाटणारे बोकाळले होते. तर जे इथे चालत नाही ते रत्नागिरीत कसं चालेल.

भाड्याची_खोली_चिपळूण
मधे तोंड घालतो, माफी. मी भाड्याने आहे, मांजर आहे, मालक आता नको म्हणतोय. मला पण हेच लागू का?

कोर्टातलो_मालवणी
तुझं जरा वेगळं. सोसायटी बंदी घालू शकत नाही, पण घरमालकाने लीव्ह अँड लायसन्सच्या करारात प्राणी नकोत असं लिहिलेलं असेल आणि तू सही केली असशील तर ती तुम्हा दोघांतली अट. करार काढून वाच. त्यात काही नसेल तर मधेच सांगून चालणार नाही, करार संपेपर्यंत तरी तुला बोलायला जागा आहे. आणि करार रजिस्टर केलेला नसेल तर तो मालकाच्याच अंगावर येतो, भाडे नियंत्रण कायदा १९९९ कलम ५५, अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरू सांगतो ते धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. पण मांजरापायी कोर्टात जाऊ नको रे, बोलून घे.

गुरांचा_डॉक्टर
खंडूबद्दल कोणीच बोललं नाही, सगळे कलमंच सांगतायत 🙂

आयुष्यभर पडवीत झोपून अख्खं आवार राखलेला कुत्रा आहे तो. त्याला गावात काम होतं, कोण आलं की भुंकायचं, आणि रात्री बिबट्याचा वास आला की अण्णांना उठवायचं. फ्लॅटमध्ये जिन्यावर दर पाच मिनिटांनी माणूस जातो, त्याच्या दृष्टीने दर पाच मिनिटांनी चोर येतोय. मुख्य दारापासून लांबच्या खोलीत त्याचं अंथरूण घाला. सकाळी उजाडायच्या आत लांब फिरवा, दमलेला कुत्रा भुंकत नाही. गावठी कुत्रा सहसा झोपतो तिथे घाण करत नाही, त्यामुळे वेळ पाळलीत तर लिफ्टचा प्रश्नच येऊ नये.

रेबीजची लस दरवर्षी, आणि लेप्टोची विसरू नका. आपल्याकडे पावसात उंदीर आणि साचलेलं पाणी, त्यातून लेप्टो माणसालाही होतो. पुस्तिकेवर शिक्का-सही घ्या आणि त्याची झेरॉक्स सोसायटीला स्वतःहून द्या, कोणी मागायच्या आधी. नगरपरिषदेत कुत्र्याच्या नोंदणीचं पण विचारून घ्या. साडेतीन हजाराच्या जाकिटापेक्षा ही पुस्तिका जास्त कामाची.

मानसोपचार तज्ज्ञांचं पत्र मात्र जरूर घ्या. कायद्याचं नाही म्हणून टाकाऊ नाही, मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तर माणसं गप्प होतात.

रिटायर्ड_तिकीटबाबू
ट्रेनचं मी सांगतो. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, कशातच कुत्रा नेता येत नाही, जाकीट घाला नाहीतर शालू नेसवा. फर्स्ट एसीत नेता येतो, पण दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन पूर्ण आपल्या नावावर पाहिजे. तुम्ही आणि अण्णा दोघं असाल तर फर्स्ट एसीची दोन तिकीटं काढा आणि कूपे मिळावा म्हणून रेल्वेकडे आधी लेखी अर्ज करा, कारण कूपे की केबिन ते चार्ट लागतानाच कळतं, तोवर देवाचा धावा. मिळाला तर गाडीच्या दोन-तीन तास आधी स्टेशनवर पार्सल ऑफिसला तिकीट आणि लसीची पुस्तिका घेऊन जा, कुत्र्याची पावती तिथेच होते. पावतीशिवाय चढवलात तर दंड भरपूर.

दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. नियमाने चालते, पण अंधारी, गरम, बोगद्यांत आवाज नुसता घुमतो, आणि कोकणात बोगदे काय कमी आहेत? म्हातारा कुत्रा त्यात घालू नका. मी असतो तर गाडी करून गेलो असतो, खड्डे धरूनसुद्धा.

पडवीतली_पोर
आठ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे खूप आभार.

सर्टिफिकेट काढलं नाही. ठरावाची प्रत अर्ज करून मागितली, तर प्रत नाहीच! इतिवृत्ताच्या वहीत त्या रविवारची नोंदच नाही, कोरम झाला नव्हता म्हणे. सोसायटी रजिस्टर आहे मात्र. सेक्रेटरी काकांना चहाला बोलावलं, ते आले, सोफ्याच्या टोकावर बसले, खंडूने त्यांची चप्पल हुंगली आणि जाऊन अण्णांच्या पायाशी बसला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग अण्णांना विचारलं राजापूरला गंगा (मधूनच अवचित वाहू लागणारे झरे) आली होती तेव्हा तुम्ही गेला होता का, आणि दोघं पाऊण तास तेच बोलत बसले.

लिफ्टचं मिटलं. पंधरा दिवसांचा विषय कोणी काढत नाही. लसीची झेरॉक्स नोटीस बोर्डावर काकांनीच लावली. ५०० रुपयांवर खजिनदार अजून अडून आहेत, त्यांना २०१५ च्या सूचना छापून आणि डॉक्टरांचं पत्र जोडून दिलंय, पोचपावती घेतली.

पहाटे साडेपाचला मी आणि अण्णा खंडूला घेऊन मांडवीला जातो. दादा, खजिनदारांनी पुढच्या मेंटेनन्स बिलात ५०० लावलेच तर मी ते सोडून बाकीचं भरू, की सगळं भरून लेखी हरकत घेऊ?

कोर्टातलो_मालवणी
सगळा भर आणि हरकत लिहून दी. थकबाकीदार म्हणूक त्यांका कारण मिळता नये. बिलाची प्रत ठेव, मग उपनिबंधकाकडे माझ्या खर्चान अर्ज लिवन देतंय. आणि खंडूक एक बांगडो घाल माझ्याकडसून.