मदत हवी आहे: 'बडोद्याच्या गायकवाडांचा' म्हणून विकायला आलेला मोत्यांचा दुपदरी सर कसा तपासावा?

दुपदरी सर. ३७ आणि ४१ असे एकूण ७८ मोती, मधला ८ मिमी, मागे उतरत ४ मिमीपर्यंत. रंग सायीसारखा, मागे हिऱ्यांचा विलायती फासा (सर अडकवायची कडी). विकणाऱ्याचे म्हणणे असे की मोती बसरा (इराणच्या आखातातले नैसर्गिक) आहेत आणि महाराणी सीतादेवींच्या सातपदरी माळेतून निघालेले आहेत. कागद एकच, एका सराफाचे गेल्या वर्षीचे मूल्यांकनपत्र. मोती नैसर्गिक की कल्चर (शिंपल्यात माणसाने पिकवलेले) हे घरी कळेल का? आणि घराण्याचा दावा कशावरून पडताळायचा?

पाणीदार:
दातावर घासून बघू नका. खरखर कल्चर मोत्यालाही लागते. त्यातून फक्त काचेचा किंवा प्लास्टिकचा मोती वेगळा पडतो.

दहापट भिंगातून वेज, म्हणजे दोरा ओवायचे भोक, बघा. नैसर्गिक मोती वजनावर विकला जाई, म्हणून जुने कारागीर वेज जेमतेम दोरा जाईल इतके बारीक ठेवत आणि दोन्ही बाजूंनी पाडत. कल्चर मोत्याचे वेज सहसा रुंद आणि सरळ असते. त्यात डोकावल्यावर आतला शिंपल्याचा मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये गडद रेघ दिसली, तर प्रश्न मिटला. रेघ दिसली नाही म्हणून मात्र मोती नैसर्गिक ठरत नाही, कारण मणी न घालताही मोती पिकवतात. शेवटचा शब्द क्ष-किरणांचाच. जीआयए या अमेरिकी रत्नपरीक्षण संस्थेच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेत चौकशी करा. मूल्यांकनपत्र म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. त्यात 'नैसर्गिक' लिहिलेले असले तरी.

जामदारखाना:
आता दाव्याकडे. सातपदरी माळ खरीच होती. ती खंडेराव गायकवाडांच्या (कारकीर्द १८५६ ते १८७०) संग्रहातली मानतात, पुढे प्रतापसिंहरावांच्या पत्नी सीतादेवींच्या गळ्यात दिसते. तिच्यातले निवडक ६८ मोती दोन पदरांत ओवून एप्रिल २००७ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात विकले गेले, सुमारे ७१ लाख डॉलरना. ते मोती साधारण साडेनऊ ते सोळा मिमीचे.

तुमचा सर ८ मिमीवर थांबतो. तेवढ्याने दावा खोटा ठरत नाही, कारण तिथे मोठे निवडून घेतले होते. उरलेले लहानच असणार. नेमका याचाच फायदा विकणारे घेतात: उरलेल्या मोत्यांबद्दल काहीही बोलता येते. म्हणून मोत्यांची संख्या, माप आणि वजन लिहिलेला जुना कागद मागा. जवाहिऱ्याचे काम केल्याचे बिल, विम्याची यादी, लिलावाच्या कॅटलॉगमधला क्रमांक, काहीही चालेल. छायाचित्र एकटे पुरत नाही, कारण सर दर काही वर्षांनी पुन्हा गाठवला जातो, क्रम बदलतो. फासा तर सर्वांत सोपा बदलता येतो. फाशाचे वय म्हणजे मोत्यांचे वय नव्हे.

पाणीदार:
त्यात भर. गोल कल्चर मोती युरोपच्या बाजारात १९२०च्या सुमारास आले. म्हणून १९१०चा कागद भक्कम पुरावा, पण फक्त त्या वेळच्या मोत्यांचा. नंतर काही हरवले आणि जागी कल्चर ओवले, तर ७८पैकी पाच-सहा वेगळे निघतात. असे मिसळलेले सर नवलाचे नाहीत. अहवालात 'सर्व मोती' म्हटले आहे की 'तपासलेले मोती', हे वाचा.

रती_तोळा:
किंमत घासाघीस करताना 'चव' समजून घ्या. मुंबईच्या मोतीबाजाराचे हे माप. एका मापाच्या मोत्यांच्या गटासाठी: कॅरटमधल्या एकूण वजनाचा वर्ग × ०.६५ ÷ मोत्यांची संख्या. ४ मिमीचा मोती साधारण ०.४५ कॅरट, चव ०.१३. ८ मिमीचा ३.६ कॅरट, चव ८.४. व्यास दुप्पट, चव चौसष्टपट. म्हणजे मागचे चार-पाच लहान मोती बदललेले असले तर फार बिघडत नाही, मधला कल्चर निघाला तर सौदाच बदलतो. तपासणी मधल्यापासून सुरू करा. घराण्याच्या नावाचे जादा पैसे कागद हातात आल्याशिवाय देऊ नका.

धागाकर्ता:
आभार. दोरा न तोडता तपासणी होते का? आणि तपासणीसाठी स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत पाठवावा का?

पाणीदार:
ओवलेल्या सराचे क्ष-किरण होतात. शंका येईल तेवढेच मोती मोकळे करतात. त्याआधी मोजपट्टी ठेवून दोन्ही पदरांचे फोटो काढा, फाशापासून क्रमांक टाका. पुन्हा गाठवायला पटवेकऱ्याकडे द्याल तेव्हा रेशमीच दोरा सांगा. बारीक वेजात जाड नायलॉन घालायला वेज रुंद केले तर वजनही गेले आणि पुरावाही. व्हिनेगर, अमोनिया, अल्ट्रासॉनिक यांपासून दूर. ओलसर मऊ फडके पुरे.

जामदारखाना:
स्वित्झर्लंडचे थांबवा. शंभर वर्षांवरचा दागिना पुरावस्तूंबद्दलच्या १९७२च्या भारतीय कायद्यात पुरावस्तू ठरू शकतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. विकणारा 'दीडशे वर्षे जुना' असे लेखी देत असेल, तर हा प्रश्न आधी पुरातत्त्व खात्याकडे न्या.