इम्प्लांटवरचं 'कोटिंग': मुलामा, लेप की कल्हई?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. आईचा गुडघा बदलायचं ठरलंय. डॉक्टरांनी दोन सांधे हातात दिले, एक चांदीसारखा चकचकीत आणि दुसरा सोनेरी, आणि सोबतच्या मराठी पत्रकात सोनेरीबद्दल लिहिलंय "टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा दिलेला". आईने ते वाचलं आणि लगेच म्हणाली, "मुलामा म्हणजे वरवरचंच ना रे, मग आत काय घातलंय?" त्यात शेजारच्या मावशींनी विचारलं सोन्याचा गुडघा बसवताय का, आणि तेव्हापासून ती जास्तच बिचकलीये. मी भोसरीला टूलरूममध्ये असतो, आमच्याकडे सोनेरी ड्रिलला सगळे 'टिन कोटिंग' म्हणतात, ते टीआयएन या अक्षरांवरून, म्हणजे हेच टायटॅनियम नायट्राइड. पण घरी टिन म्हटलं की पत्र्याचा डबाच डोळ्यासमोर येतो. तिला ऐकताक्षणी कळेल असा शब्द सुचवा ना.

जुनी_वही:
आईंची शंका अगदी रास्त आहे, चूक शब्दाची आहे. मुलामा मूळचा अरबी, चकाकी आणलेलं या अर्थाचा, आणि मराठीत तो सोन्याचांदीचं पाणी चढवण्यासाठी रुळला. त्यामुळे आत हलकं आणि वर भारी हा भाव त्याला कायमचा चिकटलाय. इथे तसं काहीच नाही. नायट्राइडचा रंगच मुळात सोनेरी, दिसण्यासाठी कोणी तो दिलेला नाही. खालचा धातू असतो कोबाल्ट-क्रोमियम, त्यात किंचित निकेलही असतं, आणि शरीरातल्या खारट द्रवात राहून राहून धातूचे आयन थोडे थोडे सुटतात. खोट्या कानातल्यांनी ज्यांच्या पाळ्या चिघळतात ना, तशी निकेलची ॲलर्जी असलेल्यांसाठी मुख्यतः हा थर, मध्ये आडोसा म्हणून. जाडी म्हणाल तर साधारण ५ ते १० मायक्रॉन, आपला केस ७०च्या आसपास भरतो.

मी तर सरळ 'कल्हई' म्हणेन. आमच्याकडे पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की आजी ओरडायची, कळकेल ते! मग कल्हईवाला यायचा, भांडं तापवून नवसागर टाकला की भसकन पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की आतून पांढरंशुभ्र. आंबट पदार्थ आणि धातू यांची गाठ पडू नये म्हणून केलेली ती सोय, आणि गुडघ्यातही तेच चाललंय. (आणि खरं टिन म्हणजे कथील, ते कल्हईत असतं, तुमच्या ड्रिलवर नाही!)

पारिजात:
कल्हई आवडली, पण सगळ्या इम्प्लांटना ती लावू नका. मी फिजिओथेरपीत आहे, खुब्याचे पेशंट रोज बघते. कृत्रिम खुब्याचा जो टायटॅनियमचा दांडा मांडीच्या हाडात बसवतात, त्यावर पुष्कळदा हायड्रॉक्सीॲपटाइट असतं, म्हणजे आपल्या हाडात आणि दातात जे खनिज आहे तेच. १९८५ मध्ये लंडनला असा दांडा पहिल्यांदा माणसात बसवला. त्याची पावडर प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या, झोतातून दांड्यावर फेकतात, ती वितळून बसते, आणि हा थर गुडघ्याच्या सोनेरी थरापेक्षा कितीतरी जाड, ५० मायक्रॉनच्या पुढेही जातो. त्याचं काम बरोबर उलटं आहे हो, आडोसा करायचा नाही, हाडाला जवळ बोलवायचं. पेशंटना मी सांगते की आंब्याचं कलम कसं धरतं तसं हाड ह्याला धरतं, आणि ते लगेच समजतात. ह्याला 'लेप' शोभतो, कारण लेप आपण गुण यावा म्हणून लावतो. आणि रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीला, म्हणजे औषधवाल्या स्टेंटला, मला 'पुट' बरं वाटतं, त्यातलं औषध हळूहळू झिरपतं आणि रक्तवाहिनी परत अरुंद होऊ देत नाही.

जुनी_वही:
पटलं, कामावरून नाव ठेवायला हवं. 'विलेपन' मात्र परिभाषाकोशातच राहू दे. आणि थर निघायला लागला तर त्याला 'पोपडे' म्हणा, भिंतीचे असतात तसे. गिलावा धरावा म्हणून गवंडी भिंत आधी टोचून घेतो, तसा हा दांडाही लेपाआधी बारीक खडीच्या माऱ्याने खडबडीत करतात.

घाटमाथा:
काल आईला कल्हई म्हणून सांगितलं. ती जरा थांबली, मग विचारलं, "कल्हई उडते की रे. मग गुडघा परत उघडायचा?" मला उत्तर सुचेना. पातेल्यासारखी परत करता येत नाही एवढं मी सांगितलं.

पारिजात:
एकदम मुद्द्याचं विचारलंय त्यांनी! हा थर कल्हईपेक्षा खूप कडक असतो, निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ आणि नायट्रोजन मिळून तो धातूवर बसतो, पण निघाला तर त्याचे कडक कण सांध्यात फिरतात आणि झीज वाढते. आणि ॲलर्जी नसेल तर साध्या सांध्यापेक्षा सोनेरी जास्त टिकतो असं ठोस सिद्ध झालेलं नाही. खोट्या दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने कधी खाज आली होती का ते आईंना आधी विचारा आणि सर्जनला सांगा.

घाटमाथा:
विचारलं. लग्नातलं खोटं मंगळसूत्र आठवड्यात काढून ठेवावं लागलं होतं म्हणे, मानेवर पुरळ आलं होतं, हे मला आजच कळलं. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, पहिलं हेच सांगतो, आणि पत्रकातलं 'मुलामा' खोडून 'संरक्षक थर (कल्हईसारखा)' लिहा म्हणून विनंतीही करतो.