१९७९ ला इंडीकारचे दोन चॅम्पियन काहून?

जरीपटका_पिट: इंडीकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कार शर्यतींच्या, विजेत्यांची यादी चाळत होतो. १९७९ समोर दोन नावं आहेत, रिक मिअर्स आणि ए. जे. फॉइट. संघटनांचं भांडण झालं होतं एवढं ऐकून आहे. पण नेमकं कशावरून? आणि त्यातली सगळ्यात मोठी शर्यत, इंडियानापोलिस ५००, कोणाकडे गेली?

धरमपेठकर: पैशावरून, भाऊ. गाड्यांवर खर्च मालकांचा, नियम युसॅकचे, म्हणजे शर्यती चालवणाऱ्या संघटनेचे, आणि बक्षिसाची रक्कम मालकांना तुटपुंजी वाटायची.

वाडीचा_टर्बोवाला: पैसा होताच, पण खरं दुखणं मताचं होतं. युसॅक स्प्रिंट, मिजेट अशा छोट्या गाड्यांच्याही शर्यती चालवायची, त्यामुळे बोर्डात इंडी गाड्यांच्या मालकांचा आवाज फार तोकडा. टीम-मालक डॅन गर्नीनं १९७८ च्या सुरुवातीला टिपण लिहून बाकी मालकांना जागं केलं आणि त्यातून कार्ट ही मालकांची वेगळी संघटना उभी राहिली. त्याच एप्रिलमध्ये ट्रेंटनहून परतताना विमान पडून युसॅकचे आठ जण गेले. ऐन भांडणात संघटनेची अनुभवी माणसं गेली, हे लोक विसरतात.

१९७९ च्या मार्चमध्ये कार्टनं फिनिक्सला स्वतःची पहिली शर्यत घेतली, गॉर्डन जॉनकॉक जिंकला. युसॅकचा सीझन वेगळा सुरू झाला, म्हणून चॅम्पियनही दोन: कार्टचा मिअर्स, युसॅकचा फॉइट. इंडी ५०० मात्र युसॅकच्या हातात, म्हणून त्यांनी पेन्स्की, मॅकलारेन, पॅट्रिक, गर्नी धरून सहा टीमच्या एन्ट्र्या फेटाळल्या. टीम कोर्टात गेल्या आणि मे महिन्यात कोर्टानं सांगितलं, यांना उतरू द्या. मला हे बरोबर वाटतं. गाडी नियमात बसत असेल, तर मालक कोणत्या गटाचा आहे हे पाहून गेट बंद करता येत नाही.

पण माझा जीव अडकतो तो वेस्टगेटच्या भानगडीत. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला टाळून बाहेर सोडणारी झडप. वाडीला आमच्याकडे ट्रकचे टर्बो येतात, म्हणून सांगतो. युसॅकनं व्ही-८ इंजिनांचा बूस्ट, म्हणजे टर्बो हवा ज्या दाबानं आत ढकलतो तो दाब, पाऱ्याच्या ५० इंचांवर आणला होता आणि जास्तीचा दाब सोडायला पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवला होता, कुकरच्या शिटीसारखा. काही टीमनी काय केलं? वेस्टगेटच्या बाहेरच्या पाइपात आतून रिंगा बसवून तोंड अरुंद केलं. एक्झॉस्टला बाहेर पडायला वाट कमी, मग तो टर्बाइनकडेच जातो, टर्बो जोरात फिरतो आणि इतकी हवा आत ढकलतो की व्हॉल्व्ह उघडूनही दाब पुरता उतरत नाही. बाहेरून पाहा, पाइप तोच. आत बोट घातलं तरच कळतं. युसॅकनं क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत जागा मिळवायच्या फेऱ्या, सुरू असताना नियमाचा अर्थ बदलत नेला, कोणाची वेळ रद्द, कोणाला दंड, आणि सगळे चिडले. मालकांची लबाडी होती, पण नियम आधीच नीट लिहिला असता तर ही वेळ आली नसती.

जरीपटका_पिट: म्हणूनच त्या वर्षी ३३ ऐवजी ३५ गाड्या का?

वाडीचा_टर्बोवाला: हो. शर्यतीच्या आदल्या दिवशी खास सत्र ठेवलं, त्यातून बिल व्हुकोविच आणि जॉर्ज स्नायडर आत आले. जिंकला पेन्स्कीचा मिअर्स, म्हणजे ज्यांच्या एन्ट्र्या नाकारल्या त्यांच्यातलाच. बॉबी अन्सर पुढे होता, गिअरबॉक्सनं दगा दिला.

धरमपेठकर: फॉइटचं ते सातवं टायटल मी तरी अर्धंच धरतो. बहुतेक तगड्या टीम कार्टमध्ये, युसॅकच्या सात शर्यतींत त्यानं पाच जिंकल्या, समोर होतं कोण?

वाडीचा_टर्बोवाला: भाऊ, समोर कोण हे ड्रायव्हर ठरवत नाही. त्याच्यासमोर जे उभे होते त्यांना त्यानं हरवलं. आणि इंडीत फॉइट मिअर्सच्या मागोमाग दुसरा आला, तिथं कार्टवाले सगळे हजर होते.

जरीपटका_पिट: दुसरा आला होता? मग टायटल पूर्ण धरतो मी. १९९६ च्या फुटीवर वेगळा प्रश्न टाकतो, तिथं भेटू.