कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला मनःस्थितीविषयी विचारणे सक्तीचे करावे का?

खानापूरकर (धागाकर्ता)

माझ्या आक्काच्या स्तनातील गाठीचा तुकडा तपासणीला गेल्यापासून प्रत्येक खेपेला तिचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन फाईलमध्ये नोंदले गेले; मात्र तिला झोप लागते का, घरात कोणापाशी मोकळेपणाने बोलता येते का, हे पहिल्या चार केमोंपर्यंत कोणीही विचारले नाही. पाचव्या खेपेला मी औषधे आणायला खाली गेलो असताना एका तरुण परिचारिकेने ० ते १० आकड्यांची तापमापकाची आकृती तिच्यापुढे धरली. मी परत आलो तेव्हा आक्काचे बोट ८ वर टेकलेले होते. त्याआधी माझ्यादेखत तिने प्रत्येकाला "बरं आहे" एवढेच सांगितले होते.

ही आकृती अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. आकडा ४ किंवा त्याहून अधिक आला तर पुढची सविस्तर चौकशी करायची, आणि सोबतच्या यादीतून पैसा, प्रवास, मुले, झोप, भीती, श्रद्धा यांपैकी नेमके काय बोचते ते जाणून घ्यायचे, अशी तिची रीत आहे. कॅनडाने 2004 मध्ये मनस्तापाला नाडी आणि तापाच्या पंगतीतील सहावे लक्षण मानले. आपल्याकडच्या रुग्णालयांतही निदानाच्या वेळी, उपचार निम्मे झाल्यावर आणि संपल्यावर ही विचारपूस सक्तीची असावी, असे माझे ठाम मत आहे.

निपाणीची परिचारिका

माझा विरोध आहे, आणि तो वॉर्डात उभे राहून आलेला आहे. बाहेर पन्नास माणसे ताटकळत असताना रुग्ण ८ म्हणाला, तर मी ८ लिहीन आणि पुढचे नाव पुकारीन. ज्याने मोठ्या कष्टाने मन उघडे केले, त्याला तसेच परत पाठवणे हे न विचारण्याहून वाईट आहे. केवळ अशा प्राथमिक विचारपुशीने रुग्णाचा त्रास कमी होतो, याचा पुरावा परदेशातही क्षीणच आहे.

आमचा भाग तंबाखूचा, त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मी रोज पाहते. जबड्याचा भाग काढलेले एक गृहस्थ जेवताना भिंतीकडे तोंड करून बसत, आणि त्यांची पत्नी भात कालवून, चांगला कुस्करून, वाटी त्यांच्या मागे ठेवून निघून जाई. त्यांचे दुःख ओळखण्यासाठी आकड्याची गरज नव्हती, गरज होती ती समुपदेशकाची. पैसा असेल तर तो त्या पदासाठी खर्च करावा.

अथणीचा शिक्षक

परिचारिकाताईंशी सहमत आहे. माझी हरकत मात्र वेगळी आहे. आपल्याकडे अनेक घरांत वडीलधाऱ्यांना "साधी गाठ आहे, शेक दिला की विरघळेल" असे सांगितलेले असते. अशा माणसापुढे कर्करोगाचा उल्लेख असलेला कागद ठेवणे म्हणजे कुटुंबाने जपलेली गोष्ट एका क्षणात फोडणे होय. शिवाय आपण कर्नाटकात असल्याने तो कागद कन्नडमध्ये असणार. मराठी आजीसाठी दुभाषा म्हणून मुलगाच उभा राहणार, आणि मुलासमोर आजी सुनेविषयी, पैशाविषयी किंवा मरणाच्या भीतीविषयी अवाक्षरही काढणार नाही.

चिकोडीहून

गुरुजी, ही हरकत कागदाविषयी झाली, विचारण्याविषयी नव्हे. आकृतीवर बोट ठेवायला अक्षरओळख लागत नाही, आणि मराठी व कन्नड दोन्ही बोलणाऱ्या बायका सीमाभागात गल्लोगल्ली आहेत.

ताई, तुमचा पुराव्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. न्यूयॉर्कमधील 766 रुग्णांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी वेदना, मळमळ यांसारखी लक्षणे संगणकावरून नियमित कळवली, त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे पाच महिन्यांनी अधिक भरले, कारण लक्षण बळावताच परिचारिकेला सूचना जात होती. ती शरीराची लक्षणे होती, हे खरे. तरी विचारणे आणि धावून जाणे यांची सांगड घालता येते, एवढे त्यातून दिसते. देशातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पहिला धडा आपल्याच राज्यातील बळ्ळारीत गिरवला गेला. टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांकही 2022 पासून सुरू आहे. समुपदेशक नेमला जाईपर्यंत निदान तो क्रमांक रुग्णाच्या फाईलवर का असू नये?

निपाणीची परिचारिका

क्रमांक अवश्य लिहावा. परंतु सलाईन लावलेल्या हाताने, अनोळखी आवाजाशी, भरलेल्या वॉर्डात कोण बोलणार आहे? सक्तीला माझा विरोध कायम आहे. खानापूरकर, आक्कांच्या ८ चे पुढे काय झाले, ते तुम्ही लिहिले नाही.

खानापूरकर (धागाकर्ता)

ते लिहायला हवे होते. आक्काने यादीतील 'प्रवास' या शब्दावर बोट ठेवले होते. तिला स्वतःला बसभाडे पडत नाही, पण प्रत्येक खेपेला माझे दुकान बंद राहते, हे तिच्या मनाला लागून राहिले होते आणि त्यापायी उरलेल्या केमो सोडून द्याव्यात, असे तिने ठरवत आणले होते. त्या परिचारिकेने डॉक्टरांना विचारून सहावी खेप आमच्या बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी घेतली. त्या दिवशी बोट ५ वर होते. ५ हा आकडाही ४ च्या वरच आहे, आणि राहिलेले विचारायला तेथे कोणी नव्हते.