मल्डर-स्कली कागदावरही जिवंत आहेत

मालिकेवरून लिहिलेली कादंबरी म्हणजे पाणी घातलेला रस्सा, हे मत मला पटत नाही. गूढ प्रकरणांचा तपास करणाऱ्या मल्डर आणि स्कली या एफबीआय एजंटांच्या ‘द एक्स-फाइल्स’ या टीव्ही मालिकेवरची केव्हिन जे. अँडरसन यांची ‘ग्राउंड झीरो’ (१९९५) जरूर वाचा. कॅलिफोर्नियातल्या अण्वस्त्र-संशोधन केंद्रात एक शास्त्रज्ञ जळून कोळसा होतो. प्रेतातून किरणोत्सर्ग येतोय, पण बॉम्ब कुठेच नाही! अँडरसन यांनी लॉरेन्स लिव्हरमोर या कॅलिफोर्नियातल्याच खऱ्या अण्वस्त्र-संशोधन प्रयोगशाळेत अनेक वर्षं तांत्रिक लेखन केलं होतं, त्यामुळे तिथलं वातावरण अगदी खरं वाटतं. आणि (रहस्य फुटेल, सांभाळून) यातला सूड पॅसिफिकमधल्या जुन्या अणुचाचणीत मेलेल्या बेटवासीयांचा आहे. मला तर भुतापेक्षा त्या चाचणीचीच जास्त भीती वाटली.