मदत हवी आहे: घरचं बीपी आणि दवाखान्यातलं बीपी जुळत नाही

वय ५२. रोज सकाळी बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम चालू आहे. घरी बीपी १२८/८० च्या आसपास येतं, दवाखान्यात मात्र दर वेळी १५०/९० च्या पुढे. त्यावरून डॉक्टर डोस १० करू म्हणताहेत. संध्याकाळी घोट्यांना सूज येते, डोस वाढला तर ती वाढेल याची मला खरी धास्ती आहे. सूज त्यांना सांगितली आहे.

यंत्र दंडाला पट्टा बांधायचं आहे, मनगटाचं नाही. पट्टा मापाचा आहे. दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहिलं, फरक किरकोळ निघाला. आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसतो, हात हृदयाच्या पातळीला ठेवतो. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजतो. मधुमेह नाही, किडनीचे रिपोर्ट आणि ईसीजी नॉर्मल. गोळी स्वतःहून कमी करणार नाही, त्यामुळे तो सल्ला नको.

दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरतात तशी घरच्या मोजणीला १३५/८५, हे ठाऊक आहे. अडचण वेगळीच आहे. डॉक्टर माझी वही चाळतात आणि बाजूला ठेवतात. माणूस चांगला आहे, पण वेळ अगदी थोडा मिळतो आणि एवढे आकडे बघून होत नाहीत.

तर नोंदी कशा न्याव्यात, रोजचे सगळे आकडे की आठवड्याची सरासरी एका कागदावर? आणि डोस वाढवण्याआधी २४ तासांचं बीपी मॉनिटरिंग कुणी स्वतःहून मागून घेतलंय का? डॉक्टरांना ते कसं विचारलंत, आणि त्यामुळे त्यांचा निर्णय बदलला का?